कोस्माचच्या पंपाला पाणी आलं नाही

माझ्या आईस, आल्बिनचा प्रेमपूर्वक नमस्कार.

मी इथे नीट आहे. लाकडाच्या वखारीतलं काम झेपतं, खोकलाही जवळजवळ गेला. इथल्या अग्निशमन पथकातही मला घेतलंय. तुझा गुडघा कसा आहे? बटाटे एकटीने काढू नकोस.

रविवारी सगळ्या गावांच्या पथकांची स्पर्धा होती. आपल्या गावच्या पथकाचा प्रमुख कोस्माच माझ्या शेजारीच पंपाला पाईप जोडत होता. तो हे काम कुणाला करूच देत नाही. फुर्लानचा गोठा जळाला तेव्हाही पाईप त्यानेच जोडला होता, बाबा फक्त पंपावर होते. पाणी आलं नाही, तर "हा पिऊन आलाय" म्हणत त्याने बाबांचं हेल्मेट काढून घेतलं. तो डाग घेऊनच बाबा गेले.

या वेळी जोडताना सांध्यातला रबरी वायसर गवतात पडला. मी पाहिलं. सांगितलं नाही. त्याच्यावर बूट ठेवून उभा राहिलो.

पंप नुसती हवा ओढत कोकलत राहिला.

"कुठल्या गाढवाने जोडला रे पाईप?" कोस्माच ओरडला.

"तुम्हीच की, प्रमुख!" त्याचीच माणसं म्हणाली. सगळं मैदान हसलं.

मग मी बूट उचलला. "हा घ्या वायसर, काका. फुर्लानच्या गोठ्यापाशीही असाच गवतात शोधायचा होता."

तो पांढराफटक पडला. मला फार बरं वाटलं, आई. अजूनही वाटतंय.

बाबांचं हेल्मेट स्वतः घरी आणून द्या, असं मी त्याला सगळ्यांदेखत बजावलंय. तो येईल. त्याला खुर्ची देऊ नकोस. अंगणात उभा ठेव, आणि हेल्मेट त्याच्याकडूनच पुसून घे.

तुझाच,
आल्बिन