सोमवारच्या बाटल्या

१४ जुलै

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून आईला वाटेल, पोरगी पुन्हा आजारी पडली. तसं काही नाही, तब्येत ठणठणीत आहे. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनाने भरता, म्हणून हे काम लेखीच सांगते आहे.

शेवटच्या वर्षाची विषयांची यादी लागली. रसायन आणि संख्याशास्त्र मागच्या वर्षी कसंबसं पार पडलं. यंदा माती, नकाशे, पर्यावरणाचे कायदे, पन्नास तास झाडं मोजायचं काम, शिवाय कलाशाखेचा एक विषय सक्तीचा. बाकीचे वर्ग भरले होते म्हणून माझ्या वाट्याला मातीकाम आलं. म्हणजे माती दोनदा, एकदा तपासायची आणि एकदा थापायची. हसू नका.

या सगळ्यावर क्षेत्रप्रकल्प. एकच जागा निवडायची आणि तिथलं पाणी सलग तीस सोमवार, सकाळी सातला बाटलीत भरून त्याच दिवशी प्रयोगशाळेत तपासायचं. एकदा नोंदवलेली जागा बदलता येत नाही. एक सोमवार चुकला तरी प्रकल्प बाद, आणि प्रकल्प बाद तर पदवी नाही. त्यात आमची जुन्या नियमांची शेवटची तुकडी. यंदा मागे राहिले तर नव्या नियमांत जाईन, आणि त्यात नऊ विषय जास्तीचे आहेत. आणखी दोन वर्षं ह्या खोलीत काढायची, जिची खिडकी समोरच्या भिंतीत उघडते. नुसत्या विचारानेच जीव घुसमटतो.

म्हणून मी तुमच्या कारखान्याचं पाणी जिथे ओढ्यात पडतं ती जागा नोंदवली. प्रकल्पाच्या बाईंना सांगितलं की माझे बाबा एकोणीस वर्षं तिथली टाकी सांभाळतात, कापड रंगवून उरलेलं पाणी निवळून बाहेर सोडतात, त्यांच्याइतकं ते पाणी कोणालाच ठाऊक नाही. बाई म्हणाल्या, मग काळजीच मिटली. तुम्ही फक्त दर सोमवारी बाटली भरून, सोबतच्या छापील कागदावर सही करून सकाळच्या बसच्या कंडक्टरकाकांकडे द्यायची. मी स्टँडवर उतरवून घेईन. कराल ना?

आईला सा. न. तिची आठवण जेवताना जास्त येते हे तिला सांगू नका.

तुमची
भिंगरी

२२ जुलै

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं, एकदा शेजारच्या फिटरला ऐकवलं. पदवीला मातीकाम सक्तीचं हे ऐकून तो म्हणाला, मग माझी पोरं घरबसल्या पदवीधर आहेत.

पहिली बाटली पोचली असेल. बुचावर मेण लावलं होतं, सांडलं नसेल. तुझी आई म्हणते, कंडक्टरला वाटलं असेल लेकीला माहेरचं लोणचं धाडलंय. त्याला मी स्पष्ट सांगितलं की हे कॉलेजचं काम आहे, आडवी ठेवू नकोस. तेव्हापासून तो मला साहेब म्हणतो.

इतक्या वर्षांत माझ्या टाकीचं पाणी कोणी मागितलं नव्हतं. टाकीवर साहेब लोक येतात ते नाकाला रुमाल लावून, आणि विचारतात काय तर गेट कुठल्या बाजूला आहे. आता तुझ्या बाई ते पाणी काचेच्या नळीत घालून बघणार म्हटल्यावर जरा धास्तीच वाटते. तू निर्धास्त राहा. तीसच्या तीस सोमवार पाठवीन, ताप असला तरी. सांभाळून राहा, माया असू दे.

तुझे बाबा

४ डिसेंबर

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

वीस बाटल्या झाल्या. तुमचा एक सोमवार चुकला नाही, आणि आमच्या वर्गात दोघांचे प्रकल्प याच कारणाने बाद झाले. माझे आकडे इतके चांगले आलेत की बाईंनी सगळ्या वर्गाला दाखवले. बाईंकडे ओढ्याच्या वरच्या अंगाचे जुने आकडे आहेत, त्यांच्यापेक्षा कारखान्याच्या खालचं पाणी नितळ आहे. रंग नाही, गाळ नाही. बाई म्हणाल्या, तुझ्या वडिलांना एकदा भेटायला हवं. मी मान ताठ करून बसले होते.

मग गोष्टी आपोआपच पुढे गेल्या. खालच्या वस्तीतल्या बायकांनी अर्ज केला होता ना, की ओढ्याच्या पाण्याने हात सोलतात, आम्हाला वेगळा नळ द्या. तो अर्ज पाणी समितीकडे आहे. समितीने बाईंकडे माझा निम्मा अहवाल मागितला. तुमच्या मॅनेजरसाहेबांचाही फोन आला, एक प्रत आम्हाला द्या म्हणून. एकविसाव्या वर्षी माझ्या कागदाला एवढी मागणी, आणि मला मात्र घास गोड लागत नाही.

कारण पाण्यात तुरटीचा अंश बराच आहे. प्रयोगशाळेतले काका म्हणाले, त्यात नवल काय, रंगाच्या कारखान्यात पाणी निवळायला तुरटी वापरतातच. पण बाबा, तुरटीची पोती यायची बंद झाली म्हणून तुम्ही गेल्या उन्हाळ्यात जेवता जेवता चिडला होतात, ते मला पक्कं आठवतं. पुन्हा सुरू झाली का? टाकी दुरुस्त केली का? अहवालात लिहायला हवं, म्हणून विचारते.

उत्तर लगेच धाडा. लोभ आहेच, तो वाढवा.

तुमची
भिंगरी

११ डिसेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. इकडे सगळं क्षेम. फिटरच्या थोरल्याचा पाय मुरगळला होता, आता बरा आहे. आईचे गुडघे थंडीने कुरकुरतात.

टाकी जशी होती तशीच आहे. तू बारीकसारीक गोष्टींत डोकं घालू नकोस, अभ्यास कर. बाईंना आवडलं ना, मग झालं. वस्तीच्या बायकांना नळ मिळायचा तर मिळेल, त्यासाठी मोठी माणसं बसली आहेत.

बाबा

१६ डिसेंबर

चि. भिंगरीला आईचे अनेक आशीर्वाद.

तू मला वेगळं पत्र घातलंस आणि बाबांना सांगू नको म्हणालीस, म्हणजे काहीतरी बिनसलंय. तू विचारलंस तेवढं सांगते. मला त्यातलं फारसं कळत नाही.

बाटली सोमवारी सकाळी भरतात, पण पाणी रविवारी संध्याकाळीच आणतात, बादली भरून. माझा मोठा स्टीलचा हंडा घेतात. मी पहिल्या दिवशी चांगलंच खडसावलं, की असलं पाणी माझ्या स्वयंपाकघरात नको. तर म्हणाले, पोरीच्या कॉलेजात जायचंय, असंच कसं धाडू. मग तुरटीचा खडा घेऊन त्या पाण्यात फिरवत बसतात. गाळ खाली बसला की सकाळी वरचं वरचं चार पदरी फडक्यातून गाळून बाटलीत. जुलैपासून दर रविवारी हेच. इतक्या निगुतीने तर तुझ्या वेळच्या बाळंतपणात माझंही कोणी केलं नसेल. हंडा आता पिवळाच पडलाय, घासून निघत नाही. मी नवा आणलाय.

त्यांनी तुझ्याच भल्यासाठी केलं असणार. तेव्हा पत्रातून त्यांच्या अंगावर जाऊ नकोस. तुझं पत्र आल्यापासून त्यांचं जेवण कमी झालंय. वेळेवर झोपत जा.

आई

१९ डिसेंबर

ती. बाबांना,
सा. न.

आईवर रागावू नका, मीच खोदून विचारलं.

बाबा, असं का केलंत? छापील कागदावर तुमच्या सहीच्या वर लिहिलंय की नमुना जसा होता तसा, त्यावर काहीही न करता भरला आहे. बावीस कागद, बावीस सह्या. ओढ्याचं पाणी घाण असतं तर मला कमी गुण मिळणार नव्हते. घाण पाणी घाण आहे असं नीट मोजून दाखवलं तरी पदवी मिळते. तेवढंच तर शिकतो आम्ही तीन वर्षं.

आता इकडे आड तिकडे विहीर झालंय. अहवाल आहे तसा दिला तर मी जून महिन्यात पदवीधर. समिती म्हणेल पाणी नितळ आहे, आणि त्या बायकांचा अर्ज माझ्या कागदाखाली दाबून टाकेल. कपडे धुणारी ती काकू आठवते, जी मला लहानपणी साबणाचे फुगे करून द्यायची? तिचेच हात सोललेत. आणि खरं सांगावं तर तुमच्या बावीस सह्या खोट्या ठरतात. टाकीत तुरटी पडत नाही हे उघडं पडतं, मॅनेजर तुम्हाला ठेवत नाहीत आणि राहती खोलीही कारखान्याची. आपलेच दात, आपलेच ओठ, मी कुणाला बोलू?

तीन दिवस ह्या खोलीत येरझाऱ्या घातल्या. चार पावलं झाली की भिंत येते. शेवटी ठरवलंय. पुढच्या शुक्रवारी बाईंना सांगणार की स्टँडवरून बाटल्या आणल्यावर वसतिगृहात मीच तुरटी घातली, गुण मिळावेत म्हणून. नमुन्याशी खेळलं तर कॉलेजातून नाव काढतात, नियमावलीत आहे. काढू देत. तुमचं नाव कुठे येणार नाही आणि अर्जही वाचेल. तुम्ही फक्त गप्प राहा. मी रागावले आहे, फार रागावले आहे, पण तुम्हाला कोणी टाकीवरून हाकललेलं मला बघवणार नाही.

भिंगरी

२२ डिसेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून प्रथम रडलो, मग तुझी आई रडली, मग फिटरची बायको काय झालं बघायला आली. तिला सांगितलं, कांदा चिरतोय.

तू विचारलंस का केलंत. सहीच्या वरची ओळ मी वाचली होती. मला वाचता येत नाही असं कोणी म्हणायला नको. पहिल्या सोमवारच्या आदल्या संध्याकाळी सरळ टाकीच्या तोंडाशी बाटली धरली आणि उजेडात बघितली. जांभळं, बुळबुळीत, वास येणारं. तू बाईंना सांगून आली होतीस की माझे बाबा पाणी निवळतात. एकोणीस वर्षं माझं काम काय, तर ते जांभळं पाणी इकडून घ्यायचं आणि तिकडे सोडायचं. पहिली काही वर्षं तुरटी मिळायची, तेव्हा खरोखर निवळायचं. मग निम्मी झाली, मग बंद. मी दोनदा बोललो, तिसऱ्यांदा गप्प बसलो. पोरगी शिकत होती, खोली कारखान्याची होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणायचं आणि पाणी सोडायला टाकीचं गेट उघडायचं.

ती बाटली तुझ्या बाईंच्या हातात जायच्या कल्पनेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून बादलीभर पाणी घरी नेलं. हंड्यात तुरटी फिरवली आणि सकाळी पाहिलं तर तळ दिसत होता. भिंगरे, टाकीतून असं पाणी बाहेर पडायला हवं होतं. मला जे काम करू दिलं नाही ते दर रविवारी हंडाभर करत होतो आणि तुला पाठवत होतो. त्यात वस्तीतल्या बायकांचा नळ अडकेल हे डोक्यात आलं नाही. तू चार तारखेला लिहिलंस तेव्हा आलं, आणि तरी मी तुला बारीकसारीक गोष्टी म्हणून उडवून लावलं. त्याची लाज सहीपेक्षा जास्त वाटते.

पण तू करायला निघालीस ते म्हणजे हात दाखवून अवलक्षण. बापाची चूक पोरीच्या नावावर लिहून मी ह्या खोलीत बसून भाकर तुकडा मोडीन, असं तुला वाटलंच कसं?

म्हणून मी काय केलं ते ऐक. काल बावीस कागद नव्याने लिहिले. प्रत्येकावर पाणी कधी आणलं, किती वेळ ठेवलं, काय घातलं, कशातून गाळलं, सगळं. टाकीत तुरटी कधीपासून नाही तेही लिहिलं. एक संच तुझ्या बाईंना, एक पाणी समितीला, एक मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर. त्यांनी चार ओळी वाचल्या आणि विचारलं, "ह्याने तुझ्याच मुलीचं वर्ष बुडेल, कळतंय का?" मी म्हणालो, "कळतंय. तिलाच आधी कळलं." महिनाअखेर खोली रिकामी करायची आहे. फिटरने हातगाडी बघून ठेवलीय.

तुझे नऊ विषय आणि दोन वर्षं वाढली, ते माझ्यामुळे. त्याची भरपाई माझ्याकडे नाही. नव्या नियमांतही तीस सोमवारांचा प्रकल्प असेल, तेव्हा जागा दुसरी निवड आणि पाणी तुझ्या हाताने भर.

बाईंचा संच थेट कॉलेजात पोचवायला सांगून कंडक्टरकडे कालच दिला, हे पत्र मात्र मुद्दाम टपालाने टाकतोय. तुला मिळेपर्यंत त्यांनी तो वाचून दोन दिवस झाले असतील. आधी कळवलं असतं तर तू स्टँडवर जाऊन तो उतरवून घेतला असतास. ओळखतो मी तुला. आज दुपारी गेट उघडलं तेव्हा ओढ्याकडे तोंड करून उभा राहिलो, बऱ्याच वर्षांनी.

रागाव, पण माया होती तशीच राहू दे.

तुझा
बाबा