खाजणातली वाट

म्हसळा, रविवार, १२ ऑक्टोबर १९५८

आज सोनूबाईला फाटकातून परत पाठवलं. मी, माझ्या तोंडाने.

जंगलखात्यात रखवालदार म्हणून आलो तेव्हा पहिल्याच दिवशी या खाजणातल्या रानात, खाडीकाठच्या चिखलात, कमरेपर्यंत रुतलो होतो. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरणाऱ्या या म्हातारीनेच काठी पुढे करून मला ओढून काढलं. मग पाय कुठे टाकायचा, कुठे नाही, ते महिनाभर शिकवलं. तिच्याच वाटेवर साहेबांनी आता फळ्या टाकल्या. पाहुण्यांनी पक्षी बघायचे, गावकऱ्यांना मात्र बंदी.

ती टोपली घेऊन उभी राहिली. "मी पाव्हनी न्हाय म्हणून जाऊ देत न्हायस व्हय रं?"

"मावशी, हुकूम आहे."

हुकूम आहे! दुसरं काहीच कसं सुचलं नाही मला? साहेबांना दोनदा सांगून पाहिलं, दोन्ही वेळा हसले. नोकरी सोडू? मग इथे दुसरा कुणी उभा राहील, आणि हुकूम तोच.

ती टोपली डोक्यावर ठेवून माघारी फिरली.

संध्याकाळी मुंबईचे पाहुणे खुशीत परतले. एका बाईंनी विचारलं, "एवढ्या दलदलीत ही वाट शोधली कुणी हो?"

मी म्हटलं, "आमच्या साहेबांनी."