गिअरखालची चप्पल

बाबा, आपल्या पिकअपचा गिअर आज दुरुस्त करून आणला. तुम्ही गेल्यापासून ती गाडी मीच चालवते, तुमच्यासारखीच बजबजहून तागाची पोती उचलून बालीगंजच्या दुकानांत टाकते. इतकी वर्षं तो खिळखिळा दांडा मी मुद्दामच तसा ठेवला होता. सिग्नलला गाडी उभी राहिली की तो थरथरायचा. हात ठेवला की गरम लागायचा, कुणी आत्ताच हात काढून घेतल्यासारखा. मला वाटायचं, तुम्हीच. "धसमुसळेपणा करू नकोस. आधी मधे येऊ दे त्याला, मग सांग कुठे जायचं ते," हे तुमचं रागावणं मी दर खेपेला ऐकायचे आणि मोठ्याने उत्तरही द्यायचे. शेजारच्या टॅक्सीवाल्यांनी मला केव्हाच वेडी ठरवलं असेल.

पण परवा पुलाच्या चढावर दुसरा गिअर पडलाच नाही. दांडा हातात नुसता लोळला आणि गाडी मागे घरंगळायला लागली. मागे शाळेची बस होती. ब्रेक लागला, म्हणून बरं. एक क्षण मनात आलं, बाबा मला न्यायला आले की काय? तुमची भीती मला आयुष्यात पहिल्यांदा वाटली, आणि त्या भीतीची लाज अजून जात नाही.

म्हणून आज गॅरेज गाठलं. मिस्त्रीने दांडा उपसून काढला. खाली प्लास्टिकचं बुश असतं, दांडा त्यात घट्ट बसतो. त्या जागी तेलाने माखलेलं एक काळं, झिजलेलं कडं निघालं. त्याने ते फडक्याने पुसलं, उलटसुलट करून पाहिलं. "दीदी, ये कंपनी का माल नहीं है. चमड़ा है. किसी ने चप्पल काट के लगाया है." कडेला वादीची शिवण अजून शाबूत होती.

तुमची कोल्हापुरी! डाव्या पायाची! आईने तिच्यासाठी घर डोक्यावर घेतलं होतं, गल्लीतल्या कुत्र्याला शिव्या घातल्या होत्या, आणि तुम्ही कॉटखाली वाकून शोधत होतात. काय नाटकी माणूस हो तुम्ही! उजवी तेव्हापासून दाराशी आहे. "एकटी कशी टाकायची? दुसरी सापडली की जोडी देऊन टाकू," असं आई तेव्हा म्हणाली, आणि तुम्ही गेल्यावरही तेच म्हणते. रोज केर काढताना ती उचलते, पुसते, परत ठेवते.

नवं बुश बसलं. येताना सगळे गिअर न कुरकुरता पडले. सिग्नलला दांडा गप्प उभा राहिला. हात ठेवला, गरम होता, पण इंजिनाने तापतो तेवढाच. मी तुमच्याशी बोलले आणि गाडीत फक्त माझाच आवाज आला. मग रस्ता दिसेना इतकी रडले, गाडी कडेला घ्यावी लागली.

दार आईने उघडलं. "झाली का गं गाडी नीट?"

"झाली."

"जुनं काय निघालं ते टाकून दिलंस ना? घरात भंगार नको."

तिने बोलता बोलता दाराशी वाकून तुमची चप्पल भिंतीला सरळ लावली. कडं माझ्या पर्समध्ये होतं, रुमालात गुंडाळलेलं.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही, कुणाला दाखवायचंही नाही. तुम्हाला म्हणून सांगते, बाबा. मी "हो" म्हणाले.