सोनाळ्याच्या मैदानावर तू बोललीस

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज मला सोनाळ्याचं ते मैदान आठवतं आहे. कपाशीवर औषध फवारणाऱ्या विमानाचा तळ होता तो. एक तंबू, पेट्रोलची पिंपं, आणि तंबूत रेडिओसमोर मी. बिनलग्नाची पोरगी दिवसभर परक्या माणसांशी बोलते, असं गावात बायका म्हणायच्या. तू मला न्यायला आलीस. पाणीसुद्धा न पिता म्हणालीस, "उद्या पाहुणे येऊन राह्यले तुले पाहायले. हे काम आता पुरे. चाल घरी." मी म्हटलं, "विमान वर आहे, माय. उतरलं की बोलू." तू माझ्याकडे पाठ करून खोक्यावर बसलीस.

विमान जुनं होतं. ते बांधणाऱ्या परदेशी कंपनीनं तसली विमानं बनवणं कधीच थांबवलं होतं, पण जी अजून उडत होती त्यांच्यासाठी कंपनी अजून नवी यंत्रं पाठवत असे. त्याच आठवड्यात आमच्या मिस्त्रींनी त्यात नवा रेडिओ बसवला होता, आणि त्याला जोडलेला एक काटा. खालून कुणी रेडिओवर बोललं की काटा त्या दिशेला वळायचा. मिस्त्रींचाच त्यावर फारसा भरवसा नव्हता. "जुन्या बैलाले नवी झूल," म्हणाले होते.

वैमानिक शेगावकडच्या शिवारातून परतत होता, आणि पाहता पाहता ढग झाडांच्या शेंड्यांना टेकले. रेडिओवर त्याचा आवाज आला, "नीचे कुछ नहीं दिखता. पेट्रोल कम है." आमचं मैदान चुकवून तो पुढे गेला असता तर समोर सातपुडा. मिस्त्री धावत आले. "बोलत राहा, ताई. बटन सोडू नका. काट्याले आवाज पाहिजे."

मी बोलते आहे. आकडे म्हणते, ते उलटे म्हणते, शाळेतल्या कविता म्हणते. बटण दाबून ठेवलं की त्याचं काही ऐकू येत नाही. तो काट्यामागे येतो आहे की डोंगरात शिरला आहे, कळायला मार्ग नाही. बटण सोडून विचारावं तर काटा भरकटेल. घशाला कोरड पडते, खोकला आवरत नाही. मी वळते, तर तू केव्हाची माझ्या मागे उभी आहेस.

"दे इकडे," तू म्हणालीस. "काय बोलू?"

"कायबी बोल. थांबू नको फक्त."

तू माइक दोन्ही हातांनी धरलास. "बाबू, मी या पोरीची माय होय. तू कोणाचा लेक, मले ठाऊक नाही. पण इकडंच ये. घाबरू नको. आम्ही इथंच बसून आहो, कुठी जात नाही. जेवला का तू? भाकर आणली मी, वांग्याची भाजी आणली. हळूहळू ये." तुझ्या आवाजात जराही थरथर नव्हती. बटणावरचं बोट मात्र पांढरं पडलं होतं. तू किती वेळ बोलत होतीस, मला सांगता येणार नाही. मग मिस्त्रींनी हात वर केला. ढगात कुठेतरी इंजिनाची घरघर होती.

शेंड्यांवरून विमान ढगाबाहेर आलं आणि मैदानात उतरलं, तसा वैमानिक बाहेर येऊन गवतातच बसला. मग तंबूत येऊन तो तुझ्या पायाशी वाकला. "माताजी, समझा कुछ नहीं," तो म्हणाला, "लेकिन काँटा हिला नहीं." तू त्याला म्हणालीस, "औषधाचे हात धू आधी. मग जेव."

संध्याकाळच्या एसटीनं तू एकटीच परतलीस. जाताना एवढंच म्हणालीस, "पाहुण्यांले मी सांगतो, पोरगी कामावर आहे." ते स्थळ मोडलं. तू त्याबद्दल मला कधी बोल लावला नाहीस, आणि मी ते काम पुढे कितीतरी वर्षं केलं.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून सांगते. त्या माणसाचा जीव वर टांगणीला लागला होता, आणि तू त्याच्याशी इतक्या मायेनं बोलत होतीस, की तुझ्याशेजारी उभ्या असलेल्या मला त्याचा हेवा वाटला.