ओट्यासमोरची फरशी

२ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

इकडे सगळं ठीक. ओट्यासमोरची ती एक फरशी मात्र अजून पोकळ वाजते. सात वर्षं झाली! जगाला गुळगुळीत जमिनी घालून देतोस आणि सख्ख्या बहिणीची एक फरशी बदलायला तुला सवड होत नाही. तू हल्ली कठडा धरून जिना उतरतोस, असं तुझ्या बायकोने लिहिलंय. चाळिशी गाठायच्या आधीच म्हातारा झालास की काय? रविवारी ये, फरशी बसव आणि जेवून जा.

चिडवते म्हणून लोभ कमी करू नकोस.

तुझी,
ताई

९ जून

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग रडू. काल डॉक्टरांकडे गेलो होतो. उजव्या गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, एका बाजूने जवळजवळ संपलंय. या वयात एवढी झीज होत नाही, जुनी दुखापत आहे का, असं त्यांनी विचारलं.

आहे. तुझ्याच घरी फरशांची पेटी उचलून वळलो, पाऊल जागीच राहिलं आणि गुडघ्यात कट्‌कन वाजलं. तू राहायला यायला चार दिवस उरले होते. पट्टी बांधून काम उरकलं. शेवटच्या फरशीला गुडघा टेकवेना, म्हणून ती नीट ठोकली गेली नाही. पंधरा दिवसांत सूज उतरली आणि मला वाटलं, बरं झालं. दोन हाडांमधली गादी तेव्हाच फाटली होती म्हणे. तशाच गुडघ्यावर मी रोज आठ तास बसत आलो. झिजलेलं पुन्हा भरून येत नाही.

यापुढे गुडघे टेकायचे नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. उभ्याने फरशी कोण बसवतं, ताई? मला दुसरं काही येत नाही. पुढच्या महिन्यात एका शाळेच्या फरशांचं काम घेतलंय. पट्टा आवळून, गोळ्या खाऊन करणार. घरी कळवू नकोस. फार भीती वाटते.

माया असू दे.

तुझा,
धाकटा

१३ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र त्याच फरशीवर उभी राहून वाचलं. नंतर तिथून हलवेना.

तू लंगडत होतास ते मी तेव्हा पाहिलं होतं. विचारलं नाही. विचारलं असतं तर काम थांबवावं लागलं असतं, आणि मला त्या घरात यायची घाई झाली होती. वर सात वर्षं तुलाच टोमणे मारत राहिले.

शाळेचं काम सोड, हे सांगायला मला तोंड नाही. तरी सांगते, पुन्हा पट्टी बांधून बसू नकोस. तुझ्या बायकोला मी आजच सगळं कळवलंय. हव्या तेवढ्या शिव्या दे. या वेळी मला बघून न बघितल्यासारखं करता येणार नाही. फरशी राहू दे तशीच.

लोभ मागायची हिंमत होत नाही. उरला असेल तर ठेव.

तुझी,
ताई