जंतूंना झोपवायची युक्ती

करंजाडे

आदरणीय कोंडिबादादांस,
धाकट्या दुर्गाचा सविनय जयभीम.

इकडे सगळे जागेवर आहेत. बरे आहेत असं लिहवत नाही. तुमची तब्येत ठणठणीत आहे असं तुम्हीच सांगता, म्हणून तसं धरून चालते. (फोन केला की तुम्हाला रेंज नसते, म्हणून हे पत्र.)

तर तुमच्या दाजींचा पराक्रम ऐका. टीबीच्या गोळ्या दोन महिने घेतल्या, खोकला थांबला, आणि साहेबांनी गोळ्याही थांबवल्या. आपली अक्षता लॅबमध्ये त्याच जंतूंवर काम करते. (पोरीला जगात दुसरा प्राणी सापडला नाही.) तिने बापाला समजावलं की प्राणवायू कमी झालेला ह्या जंतूंना बरोबर कळतो, तशी सोयच त्यांच्या अंगात असते. मग ते वाढणं थांबवतात, सगळा कारभार आटोपता घेतात आणि फुफ्फुसातल्या गाठीत निपचित पडून राहतात. मरत मात्र नाहीत. ती त्यांना बंद नळीत असंच झोपवते. आत टाकलेला निळा रंग उडाला की प्राणवायू संपला असं समजायचं.

एवढं ऐकून दुसरा माणूस घाबरला असता. ह्यांनी जन्मभर न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रकवर कंटेनर ओढले, ह्यांना त्या बंद नळीतही कंटेनरच दिसला. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून येते तर सगळ्या खिडक्या बंद, फटींना पॅकिंगची टेप, आणि हे बनियनवर घामाघूम बसलेले. जंतूंना झोपवतायत म्हणे. वर झोपलेल्याला गोळ्या देऊन डिवचायचं कशाला, हा सवाल. घरात सुनेला सातवा महिना लागलेला. कोंडलेल्या घरात हा रोग आधी घरच्यांना धरतो, एवढं मलाही कळतं. मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती.

अक्षताने येऊन टेप ओरबाडून काढली. म्हणाली, "बाबा, घर कोंडून तुमीच गुदमराल. ते झोपलेत तुमच्या छातीत."

"झोपले ना? मग झालं."

"पोर्टच्या लाईनीत तुमी इंजिन बंद करून झोपायचात, तेव्हा ट्रक सोडून गेलेलात का?"

ह्यांना राग आला. लाईन हलली की पहिला हॉर्न आपला, हा ह्यांचा जुना तोरा. तो सांगून झाला आणि मग उरलेली खिडकी स्वतःच उघडली. झोपलेले लवकर मरत नाहीत म्हणूनच गोळ्या इतके महिने, मध्येच सोडल्या तर उरलेले पुन्हा उठतात, हे पोरीने पुन्हा सांगितलं. खिडक्या आता उघड्या आहेत. गोळ्या टीव्हीजवळ तशाच पडल्यात.

वहिनींना नमस्कार. जिवाला जपा.

तुमची,
दुर्गा

ता. क. : गोळ्या का घेत नाहीत ते लिहायचं राहिलं. म्हणतात, "तुझ्या दादांनी बी मधीच सोडल्या. काय झालं त्यांला?"

आणखी एक ता. क. : वहिनींना बरी रेंज मिळते. तुम्ही हल्ली खोकला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात उपरणं धरता, असं म्हणाल्या. दादा, लाईन हललीय. सरकारी दवाखान्यात जाऊन थुंकी तपासून घ्या. तुम्ही गेल्याचं कळलं की हेही गोळी गिळणार, तसा शब्द घेतलाय मी. दोघांपैकी एकाने आधी शहाणं व्हायला हवं, आणि मोठे तुम्ही आहात.