माठाची कावीळ

अमडापूर, मंगळवार, जेवणं आटोपल्यावर

दादाचे डोळे अजून पिवळेच आहेत. तरी घरात सगळे खूश, कारण वैदूनं त्याच्या डोक्यावर घातलेली काड्यांची माळ लांबत लांबत आज छातीवर आली. ती पायांतून निघाली की कावीळ उतरली म्हणे. तोवर रक्त तपासायचं नाव काढायचं नाही!

म्हणून मी तशीच दुसरी माळ आणून परवा माठाच्या गळ्यात घातली होती. ओल्या काड्या वाळून आक्रसतात, गाठी ढिल्या होतात, दोरा लांबतो. एवढंच. आज ती माठाच्या पोटावरून खाली घसरलेली. दादाला हात धरून नेऊन दाखवली.

"मंग माठालेही कावीळ होती काय?" मी विचारलं.

दादानं वाकून माळेच्या गाठी चाचपल्या. मग म्हणाला, "येतो बे उद्या तुह्यासंगं दवाखान्यात. पन माळ काढनार नाही." बरं, नको काढू. माझं माळेशी काय भांडण?

जिंकलो असं वाटत होतं, तेवढ्यात वहिनी दारातून म्हणाली, "भाऊजी, त्या माठातलं पानी आता कोनी पिऊ नका. ह्यायची कावीळ त्याच्यात उतरली असन."

शाळेत विज्ञान शिकवतो मी, आणि माझ्याच घरात हे! खूप हसलो.

मग जेवताना ठसका लागला. माठ हाताशीच होता, पाणी सकाळी मीच उकळून भरलेलं. तरी उठलो, आणि नळाचं कच्चं पाणी प्यायलो.